घरातलं सागवान (भाग ५) : आधी वस्तू उलटी करा

मागच्या भागात दारं आणि चौकटी पाहिल्या. या आठवड्यात पलंग, बंगई, आलमारी, पेटी अशा हलवता येणाऱ्या वस्तूंकडे वळू.

गेल्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडच्या एका जुन्या घरात बंगई पाहिली. घरच्यांना ती काढून टाकायची होती, कारण फळी काळी पडली होती. गिऱ्हाईक टेप घेऊन येऊन गेलं होतं, भावही सांगून झाला होता. आम्ही मिळून फळी उलटी केली. वरची बाजू बसून-बसून काचेसारखी गुळगुळीत झालेली, पण खालच्या बाजूने हात फिरवला की बोटांना बारीक लाटा लागत होत्या. त्या वाकसाच्या खुणा. वाढयाने खालून रंधा मारलाच नव्हता. जी बाजू दिसणार नाही, ती तासून सोडून दिली होती. कड्या ओवलेली भोकं एका अंगाने झिजून लांबट झाली होती. एवढी झीज व्हायला पिढ्या जाव्या लागतात. नवी वस्तू जुनी म्हणून खपवणारे वरून काळं पॉलिश मारतात, पण खालची बाजू घडवत बसायला त्यांना वेळ नसतो.

म्हणून माझा पहिला आग्रह हाच, की वस्तू आधी उलटी करा, कप्पा बाहेर ओढा आणि आलमारी भिंतीपासून हातभर पुढे घेऊन तिची पाठ बघा. कापाच्या खुणा गोलाकार असतील तर फळी यंत्राच्या गोल करवतीतून निघाली आहे. सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतील तर बहुधा हाताने कापलेली आहे. सांधे बघा. कुसू खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली असेल तर ते कसबी काम. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० नंतरच्या काळातला. अर्थात तो दुरुस्तीतही बसला असेल, म्हणून एका स्क्रूवरून वय ठरवू नये.

आता लाकूड. आपल्याकडे सगळंच ‘सागवान’ म्हणून विकलं जातं, आणि ऐनाच्या लाकडाला पॉलिश मारलं की भल्याभल्यांची फसगत होते. पायाच्या तळाशी लाकडाचा आडवा छेद मिळतो. तिथे धारदार पात्याने नखाएवढी जागा साफ करा आणि थेंबभर पाणी लावा. सागाचं पान कोरड्या दिवसांत गळतं, पावसाबरोबर नवी वाढ सुरू होते, आणि त्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग पडते. म्हणून सागाची वर्तुळं नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. ऐनात आणि शिसवीत छिद्रं विखुरलेली असतात, अशी रांग दिसत नाही. ताज्या खरवडीला सागाचा तेलकट, चामड्यासारखा वास येतो. एकदा ओळखला की विसरत नाही. बिज्याचा भुसा पाण्यात टाकला तर पाण्यावर निळसर झाक येते. ही खूण तर पोरांनाही दाखवण्यासारखी आहे.

वर्तुळं दाट असतील तर झाड सावकाश वाढलेलं, बहुधा नैसर्गिक जंगलातलं. आपला हा भाग मध्य प्रांतात (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) होता तेव्हा आलापल्ली-बल्लारशाकडच्या सागाला ‘सीपी टीक’ हे नाव पडलं, आणि बाजारात ते आजही चालतं. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा आपल्या लाकडाचा अभिमान सगळ्यांनाच वाटला. तोच साग आपल्या माजघरात पलंग होऊन उभा आहे, हे मात्र विकताना आठवत नाही.

भावाचं गणित करून बघू. फुटातली लांबी गुणिले इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी, भागिले १४४, की घनफूट निघतात. पलंगाचे चार पाय अडीच फुटी, ३ बाय ३ चे. दोन लांब पट्ट्या साडेसहा फुटी, दोन आडव्या चार फुटी, सगळ्या ५ बाय दीडच्या. उशाची फळी चार फूट, १८ इंच रुंद, इंचभर जाड. बेरीज जेमतेम सव्वादोन घनफूट. टेपवाला याचेच पैसे देतो, तेही जुनं लाकूड म्हणून भाव पाडून. कातीव पाय, कोरीव उशी, हाताने घडवलेले सांधे यांची किंमत त्या हिशोबात शून्य! हा अन्याय मला फार लागतो. जवळच्या सॉ मिलमधला त्या दिवसाचा भाव विचारून लाकडाची किंमत काढा आणि तिला तळ समजा. घासाघीस तिथून वर व्हायला हवी. कातकाम, मूळ कड्या-कोयंडे, जुना लाखेचा थर शाबूत असेल तर वर. पाय बदललेले, पांढऱ्या कच्च्या भागात भुंग्याची भोकं आणि ताजा भुसा असेल तर खाली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, त्याआधीच्या वाड्यातली वस्तू असेल तर कोणत्या घरातली, कधी केलेली, हे आजीकडून ऐकून लिहून ठेवा. जुना फोटो असेल तर सोबत द्या. जाणकार गिऱ्हाईक त्याचेही पैसे मोजतं.

दोन कायदे माहीत हवेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘इमारती लाकूड’ या शब्दात तासलेलं, कोरलेलं, घडवलेलं लाकूडही येतं. म्हणून नागपूरला गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, आणि विक्रीची पावती व वस्तूचे फोटो गाडीत ठेवा. नाक्यावर रात्र काढावी लागू नये. दुसरा १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू त्याखाली येऊ शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

त्या ब्रह्मपुरीच्या घरच्यांनी फळी पुन्हा कड्यांना टांगली आहे. गिऱ्हाईक परत येणार आहे, तोवर त्यांनी तिच्यावर रंधा मारू नये एवढंच मी सांगून आलो. पुढच्या आठवड्यात वाळवी लागलेल्या वस्तू आणि पॉलिश कधी करावं, कधी करू नये, ते पाहू.