ध्यान, अध्यात्म आणि वैवाहिक सुख : सहसाधनेचा विचार

ध्यानधारणेने मन शांत होते आणि मन शांत झाले की संसार सुखाचा होतो, अशी आपल्याकडे सार्वत्रिक धारणा आहे. यातील पहिले विधान पुष्कळ अंशी मान्य करता येईल. दुसरे मात्र तितके सरळ नाही. कारण वैवाहिक सुख हा एका मनाचा नव्हे, तर दोन व्यक्तींमधील संबंधाचा गुण आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या विधानाचाच विचार केला आहे.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगता-ध्यानाचा उपक्रम सुरू केला. त्यातून रूढ झालेला ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम एकेकट्या रुग्णासाठी होता. जेम्स कार्सन व सहकाऱ्यांनी तो पतिपत्नींनी एकत्र करावयाच्या स्वरूपात बदलला आणि २००४ मध्ये ४४ जोडप्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतीक्षा गटाच्या तुलनेत साधक जोडप्यांचे समाधान, जवळीक व परस्परस्वीकार वाढलेले दिसले. ३ महिन्यांनंतरही हा लाभ टिकून होता. मात्र ही जोडपी मुळातच बऱ्यापैकी सुखी होती, ही बाब अनेकदा सांगावयाची राहून जाते. विस्कटलेल्या संसाराला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. ध्यानाचा परिणाम कसा घडतो, हे समजणे कठीण नाही. भांडणाच्या भरात हृदयाचे ठोके वाढतात, समोरच्याचे शब्द कानावर पडूनही आत पोहोचत नाहीत. सरावाने शब्द आणि प्रत्युत्तर यांमध्ये क्षणभराची फट निर्माण होते.

अध्यात्माच्या बाबतीतही असेच आढळते. ॲनेट महोनी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ९७ अमेरिकन दांपत्यांचा अभ्यास केला. त्यात व्यक्तिगत धार्मिकतेपेक्षा एकत्र केलेली उपासना आणि विवाहाला पवित्र मानण्याची वृत्ती यांचा वैवाहिक समाधानाशी अधिक निकटचा सहसंबंध दिसला. अर्थात सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. आपल्या परंपरेतील ‘सहधर्मचार’ ही संज्ञा याच दिशेने जाते.

साधना एकाचीच असेल तर काय होते, याची साक्ष संत बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत मिळते. तुकोबांवरील त्यांची भक्ती वेदपाठी पतीला रुचली नाही. त्यांना मारहाणही सोसावी लागली. पुढे पतीचा विरोध मावळला, परंतु तोवर भक्ती हेच त्या घरातील कलहाचे कारण होते.

आजचा प्रश्न अधिक साधा, पण तितकाच बोचरा आहे : ध्यानाला वेळ कोणाला मिळतो? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८. इगतपुरीला १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला पती जातो, तेव्हा घर कोणीतरी सांभाळतच असते. तो शांत होऊन परततो. ती थकलेली असते. (उलट घडल्याची उदाहरणे आहेत, पण मोजकीच.) पहाटेचा चहा त्याने केला आणि मग दोघे २० मिनिटे शेजारी बसली, तर त्या चहालाही साधनेचाच भाग मानावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाविद्यालयीन समुपदेशन केंद्रांत विवाहित विद्यार्थिनी येतात, तेव्हा ‘ध्यान करा, सहनशक्ती वाढेल’ हा सल्ला सहज दिला जातो. मारहाण होत असल्यास तो घातक आहे. तेथे प्रथम २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग सांगितला पाहिजे. ध्यानाचा विषय तिने स्वतः काढल्यास पुढे केव्हातरी.