वस्तुमान कुठून येतं?

गडबहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय : वस्तुमान म्हणजे पदार्थातलं द्रव्य, असं शिकवतात, मग ते द्रव्य किती, हे कळायचं कसं?

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय तिनं. न्यूटननं १६८७ साली घनता आणि आकारमान यांचा गुणाकार सांगितला. पण घनता काढायची तर आधी वस्तुमानच हवं! दोनशे वर्षांनी अर्न्स्ट माख यांनी ही गोची दाखवून दिली.

डोलवीचा पोलाद कारखाना गडबच्या शेजारीच. वजनकाट्यावर ट्रक भरलेला चढतो, मग रिकामा. वजाबाकी करायची, की माल कळला. पण काटा मोजतो पृथ्वीची ओढ. तोच काटा आणि तोच दहा टनांचा ट्रक ध्रुवावर नेला, तर आकडा सुमारे ५० किलोनं वाढेल, माल मात्र तेवढाच. आता ट्रक सपाट रस्त्यावर बंद पडलाय आणि चौघं ढकलताहेत. भरलेला असेल तर सुटता सुटत नाही, आणि एकदा सुटला की आवरत नाही. हे जडत्व. काट्याचा त्याच्याशी संबंध काय? तरी दोन्हींचं उत्तर एकच येतं.

मग हे वस्तुमान मुळात येतं कुठून? हिग्ज कण सगळ्याला वस्तुमान देतो, असं २०१२ पासून छापून येतं. ते अर्धवट आहे. प्रोटॉनमधल्या क्वार्कांना हिग्जमुळे मिळणारं वस्तुमान प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का. बाकी सगळी आतली ऊर्जा.

मला मोह पडतो तो आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या उत्तराचा. माख म्हणत, जडत्व उरलेल्या विश्वामुळे येतं. १९६४ साली केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल आणि पंचविशीतले नारळीकर यांनी त्या कल्पनेला गणितात बसवलं. त्यात कणाचं वस्तुमान त्याच्या मालकीचं नसतंच. इतर सगळ्या कणांच्या देण्यातून ते साठतं. विश्वात एकच कण उरला, तर वस्तुमान शून्य. म्हणजे गडबच्या ट्रकमधल्या पोलादाच्या जडपणातही दूरच्या दीर्घिकांचा वाटा!

लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी हे मांडलं, तेव्हा स्टीफन हॉकिंग नावाचा विद्यार्थी उठला : प्रसरणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत होते. नारळीकरांच्या ओळखीमुळे ही समीकरणं त्यानं आधीच तपासली होती. आक्षेप जबर होता, तरी नारळीकरांनी माख यांचा धागा सोडला नाही. विज्ञानकथा आणि फलज्योतिषाविरुद्धचा लढा यांसाठी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. हे काम मात्र आपल्या वर्गांत पोहोचलेलंच नाही.