वाचनालयाची नोंद एक्सेलमध्ये का राहू नये

'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'देशपांडे पु. ल.', 'पुलं', 'देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण'. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या एक्सेल फाइलमध्ये एकाच लेखकाची ही सगळी रूपं मला सापडली. वाचणाऱ्या माणसाला ती एकच वाटतात. संगणकाला मात्र एक टिंब कमी पडलं की लेखक वेगळा. यांतलं एक नाव निवडून फिल्टर लावला की बाकीच्या नावांखालची पुस्तकं दिसेनाशी होतात. पुस्तक कपाटात असतं आणि देवघेवीच्या टेबलाशी उभ्या सभासदाला 'आपल्याकडे नाही' असं उत्तर मिळतं.

लहान गावांतल्या वाचनालयांच्या नोंदी संगणकावर नीट लावून देणं हे माझं काम आहे. जिथे जाते तिथे सुरुवात एक्सेलनेच झालेली असते. ते स्वाभाविकच आहे. एक्सेल बहुतेकांना येतं, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही आणि उघडल्याबरोबर लिहायला सुरुवात करता येते. पण ते ज्या कामासाठी जन्मलं ते काम वेगळं होतं.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. वर्गात हिशेबाचे मोठे तक्ते फळ्यावर मांडले जात आणि त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते यंत्राने आपोआप करावं, एवढीच त्याची कल्पना. बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने 'व्हिजिकॅल्क' तयार केलं आणि १९७९ मध्ये ते अ‍ॅपल टू संगणकावर आलं. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल आलं, पण गाभा तोच राहिला: आकडा बदला, परिणाम लगेच पाहा. वाचनालयाच्या अंदाजपत्रकासाठी याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. वर्गणी वीस रुपयांनी वाढवली आणि काही सभासद गळाले, तर वर्षाअखेर किती शिल्लक राहील? कार्यकारी मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आला की स्प्रेडशीट उघडावी. तिथे डेटाबेसचा आग्रह धरणं मला पटत नाही.

देवघेवीची नोंद ही गोष्ट निराळी. तिथे 'समजा' नसतो. जे घडलं ते लिहायचं, अनेकांनी लिहायचं, वर्षानुवर्षं लिहायचं, आणि लिहिणारा निवृत्त झाल्यावरही ते खरं राहायला हवं.

एक्सेलमधली देवघेव साधारण अशी असते. एका ओळीत सभासदाचं नाव, पत्ता, फोन, पुस्तक, लेखक, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. एखाद्या आजी वर्षभरात चाळीस पुस्तकं वाचतात, म्हणजे त्यांचा पत्ता चाळीस वेळा लिहिला जातो. त्या मुलाकडे राहायला गेल्या की पत्ता कुठे बदलायचा? कोणी शेवटच्या ओळीत बदलतो, कोणी वरच्या चार ओळींत. वर्षभराने त्यांची अनामत परत करायची वेळ येते, तेव्हा फाइलमध्ये तीन पत्ते असतात आणि खरा कोणता हे फाइल सांगू शकत नाही.

यावरचं उत्तर एडगर कॉड यांनी १९७० मध्ये दिलं. इंग्लंडमध्ये जन्मलेले कॉड तेव्हा कॅलिफोर्नियात आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांचं म्हणणं असं, की माहिती एकमेकांशी नातं असलेल्या तक्त्यांत ठेवा. माणसाने फक्त काय हवं ते सांगावं, ते कुठून नि कसं शोधायचं ते यंत्राने पाहावं. त्यांच्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी पुढे त्यासाठी जी भाषा रचली, ती आज एसक्यूएल म्हणून जगभर वापरली जाते. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आपल्या वाचनालयाला हे लावलं की तीन तक्ते होतात. एक सभासदांचा: प्रत्येक सभासद एकदाच, त्याच्या क्रमांकासह. दुसरा पुस्तकांचा: प्रत्येक प्रतीला तिचा दाखल क्रमांक. एकाच कादंबरीच्या सहा प्रती असल्या तर दाखल क्रमांकही सहा, कारण हरवते ती प्रत, कादंबरी नव्हे. तिसरा देवघेवीचा, आणि त्यात नाव-पत्ता काहीच नसतो. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, तारखा, बस्स. आजींचा पत्ता एकाच जागी असतो. तिथे बदलला की सगळीकडे बदलला. लेखकांचा चौथा तक्ता केला की पु. ल. तिथे एकदाच लिहिले जातात आणि पुस्तकाची नोंद करणाऱ्याला नाव टाइप न करता यादीतून निवडावं लागतं.

पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. असे जोडलेले तक्ते सांभाळतो तो डेटाबेस, आणि तो नियम पाळतो. अस्तित्वात नसलेल्या सभासद क्रमांकावर पुस्तक द्यायला तो नकार देतो. एक दाखल क्रमांक दोन पुस्तकांना देऊ देत नाही. एक्सेलमध्येही घरांवर बंधनं घालता येतात, पण दुसरीकडून मजकूर आणून चिकटवला की ती बंधनं ओलांडली जातात. गूगल शीटवर अनेकांना एकाच वेळी लिहिता येतं, हे खरं आहे, पण नुसतं एकत्र लिहिता आल्याने नोंद सुरक्षित होत नाही. एकाने फक्त नावांचा रकाना अकारविल्हे लावला आणि शेजारचे फोन नंबर जागच्या जागी राहिले, असं मी एका संस्थेत पाहिलं आहे. सगळी नावं खरी, सगळे नंबर खरे, आणि यादी पूर्ण खोटी.

भारनियमनाच्या गावात आणखी एक गुण कामी येतो. पुस्तक परत आलं आणि दंड जमा झाला, या दोन नोंदी मिळून एक व्यवहार. मधेच वीज गेली तर चांगला डेटाबेस दोन्ही नोंदी ठेवतो किंवा दोन्ही पुसतो, अर्धवट काही ठेवत नाही. या 'ट्रान्झॅक्शन'च्या अभ्यासासाठी जिम ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बँकेचे व्यवहार आणि रेल्वेचं आरक्षण याच हमीवर चालतं.

स्प्रेडशीट स्वतःहून अर्थ लावते, हेही लक्षात ठेवायला हवं. कपाट ३, खण १२ म्हणून '३-१२' लिहिलं की त्याची ३ डिसेंबर होते. पुस्तकाचा तेरा आकडी आयएसबीएन लिहिला की तो ९.७८८ असा काहीतरी आखडलेला दिसतो, आणि तशीच सीएसव्ही फाइल साठवली की उरलेले आकडे कायमचे जातात. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. 'मार्च १', 'सेप्ट १' अशी लघुनावं असलेल्या जनुकांच्या एक्सेल इतक्या तारखा करत राहिलं, की २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं अधिकृतपणे बदलण्यात आली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये याहून गंभीर गोष्ट घडली. कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, पण ओळी वाढल्याने साधन बदलत नाही.

"अहो मॅडम, पण एक्सेलमध्ये सगळं डोळ्यांसमोर असतं," असं एक ज्येष्ठ ग्रंथपाल मला म्हणाले. त्यांचं खरं होतं. डेटाबेस सगळं दाखवत नाही, विचारलं तेवढंच दाखवतो. मी त्यांना विचारायला सांगितलं: गेल्या दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती? यादी आली. ती त्यांनी शांतपणे वाचली आणि त्यातली बालसाहित्याची पुस्तकं पुढच्या मांडणीवर आणायला सांगितली.

वाचनालयांसाठी तयार व्यवस्था आहेत. 'कोहा' हे २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर, त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं 'ई-ग्रंथालय' आहे. बसवून द्यायला जाणकार माणूस लागतो, तेवढा खर्च मंडळाने धरावा.

मंडळाच्या सभासदांना माझी विनंती आहे, की सॉफ्टवेअर निवडण्याआधी आपली एक्सेल फाइल उघडा. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणा, कारण जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर अकारविल्हे लागत नाही. मग दाखल क्रमांकाचा रकाना दाखल रजिस्टरशी ताडून पाहा. एकही क्रमांक दोनदा नको आणि एकही घर रिकामं नको. हे काम बाहेरच्या माणसाला जमत नाही, ते तुमच्या ग्रंथपालांनाच करावं लागेल, आणि त्यासाठी त्यांना देवघेवीतून पुरेसा वेळ मोकळा द्या.