चहा, फाण्ट आणि वैद्याची जिव्हा

गेल्या काही वर्षांत औषधी दुकानाच्या दर्शनी फळीवर च्यवनप्राशाच्या शेजारी ‘हर्बल टी’च्या रंगीत डब्यांनी जागा मिळविली आहे. ग्राहक डबा उचलतो, उलटसुलट करून पाहतो आणि दुकानदाराला किंवा शेजारच्या वैद्याला विचारतो, “यातला कोणता चांगला?” या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा डब्यावरील मजकूर वाचून देतो. आम्हीही तसेच देत होतो. त्याचा परिणाम काय झाला हे पुढे सांगूच. त्यानंतर मात्र आम्ही ठरविले की, जे पेय आपण दुसऱ्याला सुचवितो ते प्रथम आपल्या जिभेवर ठेवून पाहिले पाहिजे. एका रविवारी सकाळी आम्ही पाच वैद्य दवाखान्यात जमलो आणि सुट्या पानांचे पाच चहा व पाच वनौषधी फाण्ट एकामागून एक चाखून पाहिले. त्या बैठकीतून हाती आलेले येथे मांडीत आहोत.

द्रव्याचा रस कळतो तो निपाताने, म्हणजे द्रव्य जिभेवर पडताक्षणी, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितले आहे. विपाक परिणामावरून अनुमानावा लागतो, रस मात्र प्रत्यक्ष आहे. महाविद्यालयात द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकात आपण सर्वांनी हिरडा, कुटकी, पिंपळी चाखलेली असते. पदवी हाती पडली की ती सवय सुटते आणि पुढे आयुष्यभर आपण लेबलांवर विश्वास ठेवतो.

चाखण्यासाठी काही शिस्त लागते. चहाच्या व्यापारात ती फार पूर्वीपासून आहे. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा घ्यावा, पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यात त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतावे व ६ मिनिटांनी गाळावे. याच विषयावरील ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये थट्टेचे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले होते. सहा पाने खर्चून चहा कसा करावा हे लिहिले म्हणून जग हसले. आम्हांला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मान, काल, पात्र व जल निश्चित केल्यावाचून दोन द्रव्यांची तुलना होऊच शकत नाही, हे शार्ङ्गधराच्या मध्यमखंडाचे वाचन केलेल्याला निराळे सांगावे लागत नाही. मानक असे सांगते की चहा उत्तम बनविणे हा त्याचा हेतू नसून प्रत्येक वेळी सारखा बनविणे हा आहे. आम्ही हेच प्रमाण दहाही नमुन्यांना लावले. फक्त हिरव्या चहासाठी पाणी ८० अंशांपर्यंत निवू दिले, कारण उकळत्या पाण्यात तो कडवट होतो.

व्यावसायिक चहापारखी चमच्यातील पेय मोठा आवाज करून हवेसह ओढतात. त्यामुळे ते जिभेच्या सर्व भागांवर पसरते आणि त्याचा गंध घशामागून नाकापर्यंत पोचतो. आमचे आजोबा चहा बशीत ओतून फुरका मारीत आणि आजी त्यांना रागावीत. आता वाटते, परीक्षेच्या दृष्टीने आजोबांचेच बरोबर होते.

प्रथम चहाविषयी. बृहत्त्रयीत चहाचे वर्णन नाही. तेव्हा त्याचे गुणकर्म आपणच रस-वीर्य-विपाकाच्या कसोटीवर ठरवावयाचे आहेत. दार्जिलिंगचा वसंतातील पहिल्या खुडीचा चहा फिकट सोनेरी, फुलासारख्या गंधाचा व हलका असतो. त्याचा कषाय रस जिभेच्या कडांवर येतो आणि लवकर ओसरतो. आसामचा दुसऱ्या खुडीचा पानांचा चहा तांबूस-तपकिरी, भाजलेल्या जवाची आठवण देणारा, तोंड भरून टाकणारा. निलगिरीचा चहा या दोहोंच्या मधला, स्वच्छ. कांगड्याचा हिरवा चहा तिक्त-कषाय, शेवटी किंचित मधुर अनुरस देणारा. पाचवा नमुना आपल्या घरोघरी असतो तो सीटीसी, म्हणजे यंत्राच्या दातेरी रुळांत चिरडून, फाडून, वळवून केलेला दाणेदार चहा. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दाणा लहान म्हणून अर्क झटकन उतरतो. सहा मिनिटांनंतर या नमुन्याने आम्हां पाचही जणांची जीभ अक्षरशः जखडली.

या जखडण्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. कषाय रसाचे लक्षण सांगताना चरकांनी जिभेचे वैशद्य, स्तंभ व जाड्य सांगितले आणि कंठ बांधल्यासारखा होतो असे म्हटले. ही वर्णने चवीपेक्षा स्पर्शाला जवळची आहेत. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही तेच सांगते. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लाळेतील प्रथिनांना बांधतात, लाळेचा निसरडेपणा जातो व जिभेला कोरडा खडबडीतपणा जाणवतो. दुधातील केसीन हीच द्रव्ये आधी बांधून टाकते, म्हणून दूध घातल्यावर सीटीसीचा तुरटपणा मवाळ होतो. आपल्याकडे चहाला दूध व साखर लागते, याचे कारण पुष्कळ अंशी या दाण्यात आहे. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडीत दूध घातले तर केवळ पैसे वाया जातात.

बांधण्याचा हा गुण जिभेवरच संपत नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने वनस्पतिज अन्नातील लोहाचे शोषण घटते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्या पांडुरोगाच्या रुग्णांपैकी किती जण नवायस लोह किंवा मंडूरकल्प सकाळच्या चहाच्या कपाबरोबर गिळतात, हे एकदा विचारून पाहावे. आम्ही विचारू लागलो तेव्हा उत्तरे ऐकून खजील झालो. अनुपान मध किंवा ताक असे आपण लिहितो आणि रुग्ण गोळी चहाबरोबर घेतो. लोहकल्प व चहा यांत निदान दीड-दोन तासांचे अंतर असावे, ही सूचना आता आमच्या चिठ्ठीवर छापलेली आहे. दुकानदारांनीही पुडी देताना ती तोंडी सांगावी.

आता वनौषधींकडे येऊ. तुळस, गवती चहा, सुंठ, लाल अंबाडीच्या फुलाचे वाळलेले मांसल दल आणि ज्येष्ठमध असे पाच नमुने होते. येथे आम्ही एक सोपी परीक्षा केली. प्रथम नाक चिमटीत धरून घोट घेतला, मग नाक सोडून. गवती चहाचा घोट नाक धरून घेतला तर तो जवळजवळ कोमट पाणीच लागतो. त्याचे सारे वैभव गंधात आहे. तुळशीत मात्र गंध काढून घेतला तरी कटु-तिक्त रस शिल्लक राहतो. सुंठीची कटुता नाक धरल्याने किंचितही कमी होत नाही. अंबाडीचा आम्ल रस तर लपतच नाही. या परीक्षेचा व्यवहारात उपयोग असा : बाजारातील एका पुडीतील तुळस नाक सोडूनही गवतासारखी लागली. पाने काळपट होती व देठ अधिक होते. उडनशील तेल निघून गेलेली तुळस होती ती. डब्यावर मात्र मुदत संपायला चौदा महिने शिल्लक होते.

कल्पनेचा विचारही येथेच करावयास हवा. शार्ङ्गधराचा फाण्ट म्हणजे एक पल भरड द्रव्यावर एक कुडव उष्णोदक मृत्पात्रात ओतून वस्त्राने गाळणे, म्हणजे १:४, द्रवद्वैगुण्य धरले तर १:८. हिमाला सहा पल शीतजल व रात्रभर भिजवणे. क्वाथाला सोळा पट पाणी व अष्टमांश शेष. चहाच्या कपात प्रमाण १:५० असते. म्हणजे ज्याला आपण औषधी चहा म्हणतो ते शास्त्रोक्त फाण्टाच्या किमान सहापट विरल असते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने तुळस ४, दालचिनी २, सुंठ २ व मिरी १ भाग असे ‘आयुष क्वाथ’ सुचविले. त्यात ३ ग्रॅम चूर्णावर १५० मिलि उकळलेले पाणी घ्यावयाचे होते. नाव क्वाथ, कृती फाण्टाची आणि मान चहाचे. त्यावर टीका करण्याचा हेतू नाही. गंधद्रव्यांना फाण्टच योग्य, कारण उघड्या भांड्यात उकळल्याने तुळशीचे तेल वाफेबरोबर निघून जाते. परंतु घरोघरी लोकांनी तेच मिश्रण अर्धा तास आटवून काढा केला आणि पुढे तोंड येणे, जळजळ, घशाला कोरड अशा तक्रारी घेऊन ते आपल्याचकडे आले, हे बहुतेक वैद्यांना आठवत असेल.

याच्या उलट चूकही सर्रास आढळते. एकाच छोट्या पिशवीत तुळस आणि अर्जुनसाल भरलेली असते. सालीला आटवणे हवे, तुळशीला झाकण. गरम पाण्यात तीन मिनिटे बुडविलेल्या अर्जुनातून रंग उतरतो, पण शास्त्रोक्त क्वाथाची किंवा क्षीरपाकाची योग्यता त्यात येत नाही. असा डबा दुकानात ठेवावा की नाही हे दुकानमालकाने ठरवावे. मात्र ‘हृदयासाठी’ म्हणून तो कोणाला देऊ नये.

आता ज्येष्ठमध, ज्यासाठी मुळात ही बैठक बोलाविली. साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे कोरड्या कासासाठी येत. रक्तदाब औषधांनी दोन वर्षे नियंत्रणात होता. त्यांना आम्ही शेजारच्या दुकानातील एका मिश्र वनौषधी पेयाचा डबा सुचविला. डब्यावर अकरा वनस्पतींची नावे होती, प्रमाण कोणाचेच नव्हते. पेय गोड लागते, साखर लागत नाही, म्हणून बाईंना ते आवडले व त्या दिवसातून तीन-चार कप घेऊ लागल्या. दोन महिन्यांनी पायांवर सूज, स्नायूंत अशक्तपणा आणि रक्तदाब १७०/१०० असे होऊन त्या रुग्णालयात गेल्या. रक्तातील पोटॅशियम २.९ निघाले. तेथील डॉक्टरांनी विचारले, “ज्येष्ठमध घेता का?” बाईंनी प्रामाणिकपणे “नाही” म्हणून सांगितले, कारण त्यांना ते ठाऊक नव्हते. आम्हांलाही प्रमाण ठाऊक नव्हते. त्यांनी डबा आणून दाखविला तेव्हा आम्ही प्रथमच तो फाण्ट चाखला. पहिल्याच घोटात ज्येष्ठमधाची जिभेवर रेंगाळणारी, घशापर्यंत टिकणारी गोडी आली आणि उरलेली दहा नावे जवळजवळ कोठेच सापडली नाहीत. पेय बंद केल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत सूज व रक्तदाब पूर्ववत झाले.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन कॉर्टिसोलला निष्क्रिय करणाऱ्या विकराला अडविते. त्यामुळे शरीरात सोडियम व पाणी साचते आणि पोटॅशियम बाहेर जाते. मुळात त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे २ ते १५ टक्के असते. ४ टक्के धरले तरी २ ग्रॅमच्या एका कपात ८० मिलिग्रॅम, तीन कपांत २४०. त्यातील निम्मे पाण्यात उतरले तरी १२० होतात. युरोपीय वैज्ञानिक समितीने नित्य सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविलेली आहे. तेथे लीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लिसिरायझिन असलेल्या पेयावर उच्चरक्तदाबाच्या रुग्णांसाठी सूचना छापणे २००४ च्या निर्देशाने बंधनकारक झाले. यष्टीमधु वाईट असा याचा अर्थ कोणी काढू नये. कंठ्य, वर्ण्य, जीवनीय अशा त्याच्या योजना आपल्याला पाठ आहेत. पण ज्या द्रव्याला आपण मात्रा, काल व रुग्ण पाहून देतो, तेच डब्यात भरले की ‘चहा’ होते आणि चहाला मात्रा नसते.

नावाचा हा प्रश्न आता कायद्याच्याही कक्षेत आला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की, कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीपासून न बनलेल्या पेयाच्या वेष्टनावर ‘चहा’ किंवा ‘टी’ हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे ठरते. दुकानमालकांनी आपला शिल्लक साठा या दृष्टीने तपासावा. आम्हांला वाटते, ‘फाण्ट’ हा आपलाच शब्द डब्यावर यायला हरकत नाही. मात्र वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा असेल, तर ते पेय अन्नाच्या परवान्यावर विकता येत नाही. त्याला औषधाचा परवाना लागतो.

ज्यांना अशी बैठक आपल्या गावी घ्यावयाची असेल त्यांनी नमुन्यांचा क्रम सांभाळावा. आधी फिकट चहा, मग गडद, नंतर गवती चहा, तुळस, अंबाडी व सुंठ, आणि ज्येष्ठमध सर्वांत शेवटी. त्याची गोडी इतकी टिकते की पुढचा नमुना काहीही असला तरी गोडच लागतो. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाण्याने चूळ भरावी. आदल्या तासात पान, सुपारी, लवंग तोंडात नसावी. डब्यावरील नावे झाकून नमुन्यांना केवळ क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाने आपली नोंद दुसऱ्याला न दाखविता लिहावी. आमच्यापैकी दोघांनी निलगिरीला आसाम म्हटले होते. त्या दोघांत प्रस्तुत लेखकही एक होता.