गंजाचा काळा रंग

संग्रहालयात काचेआड ठेवलेलं जुनं ठासणीचं रिव्हॉल्व्हर बघून माझ्या रूममेटने विचारलं, "कुठला पेंट मारलाय रे याला?" मित्रांनो, तो पेंट नव्हताच. तो होता गंज! (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुकलं तर सांभाळून घ्या.)

लोखंडाचा तांबडा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड परत उघडं पडतं आणि पुन्हा गंजतं. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, घट्ट चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. हत्यारांवरचा निळसर काळा रंग तो हाच, त्याला ब्लूइंग म्हणतात. वाळूज एमआयडीसीत नट-बोल्टवर करतात ते ब्लॅकोडायझिंग याचंच भावंड. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण साधारण १४० डिग्रीला उकळतं, त्यात जॉब बुडवायचा. हॉस्टेलवर ट्राय करू नका, अंगावर उडालं तर कातडी जाते.

ठासणीच्या हत्यारांना गंज फार लवकर धरतो. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. जळल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन क्षार आणि काजळी म्हणून मागे उरतं. हे पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुवायची, मग सुकवून तेल लावायचं.

कॉस्टिक नको तर जुनी, संथ पद्धत आहे. मी ती आजीच्या गंजलेल्या अडकित्त्यावर केली. साबणाने तेलकटपणा काढला. व्हिनेगर, चिमूटभर मीठ आणि मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा पातळ हात फिरवला आणि गीझरच्या वाफेने भरलेल्या बाथरूममध्ये टांगून ठेवला. (पार्टनर दोन दिवस बोलला नाही.) छान तांबडा गंज आला की बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळायचा. आपल्या नळाच्या पाण्याने डाग पडतात. डोळ्यांदेखत तांबडं काळं होतं! मग स्टील वूलने हलक्या हाताने भुसा काढायचा आणि परत पहिल्यापासून. सहा फेऱ्यांनंतर रंग खोल झाला, मग तेल.

पण माझी चूक सुरुवातीलाच झाली होती. खड्डे जावेत म्हणून मी जाड पॉलिश पेपर घासला. खड्डे गेले, पण दांडीवर बारीक कोरलेलं आजोबांचं नावही गेलं. गंजाने इतकी वर्षं सोडलेलं मी दहा मिनिटांत पुसून टाकलं. जुन्या रिव्हॉल्व्हरचंही हेच होतं. कारखान्याचे शिक्के, नंबर, कडांची धार पॉलिशमध्ये जाते, आणि मग वर कितीही सुंदर काळं करा, जाणकार ते बघत नाही. तेलात बुडवून, मऊ पितळी ब्रशने सुटेल तेवढाच गंज काढायचा. खड्डे राहू द्यायचे.

एक महत्त्वाचं. गावाकडे ट्रंकेत असं काही सापडलंच, तर घासायला बसू नका. जुन्या ठासणीच्या हत्यारात दारू भरलेली राहिलेली असू शकते आणि कोरडी राहिली तर ती शंभर वर्षांनीही पेटते. शिवाय शस्त्र कायदा आहे. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

अडकित्ता आजीला दिला. तिने उलटसुलट फिरवून बघितला, म्हणाली, "छान काळा झालाय रे." नावाबद्दल तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.