खेळ घडवणाऱ्या मुलांसाठी संगणक घेताना

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या सभासदांच्या घरी हल्ली एक प्रश्न निघतो: मुलाला संगणकावरचे खेळ खेळायचे नसून घडवायचे आहेत, तर यंत्र कोणते घ्यावे? त्यापायी कोणास कर्ज काढावे लागू नये, म्हणून हे चार शब्द.

आधी साधन ठरवावे. २०१४ साली सर्वांस खुले झालेले ‘गोडो’ विनामूल्य असून सपाट चित्रांच्या खेळास साध्या यंत्रावरही चालते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा २०२० सालचा ‘राजी’ मात्र ‘अनरियल’वर झाला, त्यास वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. नवशिक्याने तेथून आरंभ करू नये, असे आमचे मत.

पैसा प्रथम एसएसडी व १६ जीबी रॅममध्ये घालावा. वेगळे कार्ड नसेल तर ग्राफिक्सही तीच रॅम वापरते. सबब ८ जीबीच्या दोन पट्ट्या एका मोठ्या पट्टीपेक्षा बऱ्या. कचेरीतून निघालेला डेस्कटॉप स्वस्त पडतो, पण इंटेलचा असल्यास आठव्या पिढीपुढचाच पाहावा. त्याआधीच्यांवर विंडोज ११ बहुधा रीतसर चालत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. लहान पेटीचे यंत्र घेऊन ‘कार्ड मागाहून बसवू’ म्हणणाऱ्यांची फसगत होते: ना जागा, ना पुरेसा पॉवर सप्लाय. आमच्यापैकी एकाची झालीच!

कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. तापलेला लॅपटॉप मंदावतो. डेस्कटॉपची धूळ घरीच झाडता येते. वीज गेल्यास काम जतन करण्यापुरता यूपीएस मात्र खर्चात धरावा. रंगीत दिव्यांच्या कीबोर्डाचे पैसे तेथे घालावेत.