आमच्या छोट्या संगणकाचे वाय-फाय कसे सुरू झाले

चौथीच्या वर्गात खिडकीपाशी जो हिरवा बोर्ड ठेवला आहे त्याच्याविषयी मी लिहिणार आहे. पालक आले की विचारतात, हे काय गं? हा संगणक आहे. त्याचे नाव रास्पबेरी पाय. मी पट्टीने मोजला. साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपाचच्या थोडा वर रुंद भरला. त्याला टीव्ही जोडला की टीव्हीवर अक्षरे येतात. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावच्या लोकांनी हा संगणक काढला. पहिला २०१२ साली विकायला आला. आमचा आहे तो थ्री बी प्लस, ती जात २०१८ साली निघाली. माझा आतेभाऊ तालुक्याला पॉलिटेक्निकला आहे, त्याने तो शाळेला दिला. मी त्याला दादा म्हणते.

बोर्डाला एक तार आहे. तारेच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर आहे. आमच्या वर्गावर पत्रा आहे. दुपारी इतके तापते की बसवत नाही. गुरुजी म्हणाले, नुसते गरम होते म्हणून चालत नाही, नोंद पाहिजे, मग ग्रामसभेत दाखवता येईल. म्हणून बोर्ड दर तासाला तापमान लिहून ठेवतो आणि शाळा सुटताना आम्ही ते वहीत उतरवतो.

आता याला वाय-फाय कशाला हवे? मलाही असेच वाटले होते. पण या संगणकात घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि वीज आली की जिथे थांबले तिथूनच पुढे चालू लागते. वाय-फाय मिळाले तर इंटरनेटवरून खरी वेळ विचारून घेते. गुरुजी रोज प्रार्थनेनंतर मोबाईलचा हॉटस्पॉट लावतात तो यासाठी. एका मंगळवारी गुरुजी बैठकीला गेले होते आणि वीज दोन तास गेली. त्या दिवशी भर दुपारचे ऊन सकाळच्या वेळेला लिहिले गेले! ग्रामसभेत असे दाखवले तर लोक हसतीलच.

बुधवारी वीज सारखी येत-जात होती. त्यात बोर्डाचे मेमरी कार्ड खराब झाले. लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडू शकते. शुक्रवारी मी धूळ पुसत होते तर बोर्ड माझ्या हातून खाली पडला. सगळ्यांनी बघितलं. शनिवारी दादा नवीन कार्ड घेऊन आला. संगणक सुरू झाला, पण वाय-फाय काही लागेना. मग काय, सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. एक जण म्हणाला, हिनेच पाडलं ना. मी काही बोलले नाही. मला पण वाटत होतं की मीच मोडला.

दादा रागावला नाही. म्हणाला, आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. मी एक एक अक्षर लावून वाचले. इंग्रजीत होते की वाय-फाय आरएफकिलने अडवले आहे, वापरण्याआधी देश सांगा. मला हसू आले. वाय-फायला देश कशाला सांगायचा?

दादाने समजावले ते असे. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. त्या दिसत नाहीत. आमच्या बोर्डाच्या दोन तऱ्हेच्या लहरी आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे एका सेकंदात २४० कोटी हेलकावे. दुसरी ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ५०० कोटी. (कोटीवर किती शून्ये ते मी मोजून बघितले, सात.) हवा सगळ्यांची एकच, म्हणून कोणी कोणत्या लहरी वापरायच्या याचे प्रत्येक देशाचे नियम आहेत. २.४ मध्ये रस्त्यासारखे चॅनेल आहेत. अमेरिकेत ११ चॅनेल चालतात, आपल्याकडे १३. चौदावा फक्त जपानात. आणि ५ च्या काही चॅनेलवर पाऊस बघणारी रडार यंत्रे असतात, त्यांच्यामध्ये आपण बोलायचे नाही. आपण कोणत्या देशात आहोत हे बोर्डाला कळत नाही. म्हणून आमचा बोर्ड देश कळेपर्यंत वाय-फाय बंदच ठेवतो. जुन्या कार्डावर दादाने देश सांगितलेला होता. नवीन कार्ड कोरे, त्याला कुठून माहीत असणार?

मी विचारले, पण मोडला नसेल कशावरून? दादाने "आरएफकिल लिस्ट" असे टाईप केले. वायरलेस लॅन हे नाव आले. त्याच्याखाली "सॉफ्ट ब्लॉक्ड येस" आणि "हार्ड ब्लॉक्ड नो". दादा म्हणाला, वाय-फायची चिप मेली असती तर तिचे नावच आले नसते. नाव आले म्हणजे ती हजर आहे. सॉफ्ट म्हणजे नुसत्या हुकुमाने अडवलेली. ते ऐकल्यावर मला रडूच आले. मग मी सगळ्यांना "हार्ड ब्लॉक्ड नो" वाचून दाखवले, दोनदा.

पुढचे मीच केले. "सुडो रास्पी-कॉन्फिग" लिहून एंटर दाबले. निळा पडदा आला. त्यात लोकलायझेशन ऑप्शन्स, त्याच्या आत डब्ल्यूलॅन कंट्री. देशांची लांबलचक यादी येते, त्यात बाणाने खाली खाली जाऊन आय एन इंडिया. एकाने सांगितले, अमेरिका टाक, तिकडचं वाय-फाय फास्ट असतं. तसे करायचे नाही. अमेरिका टाकली तर बारावा-तेरावा चॅनेल त्याला दिसणारच नाही आणि हॉटस्पॉट त्यावर असला तर शोधत बसावे लागेल. नंतर सिस्टिम ऑप्शन्समध्ये वायरलेस लॅनला जाऊन गुरुजींच्या हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड दिला. पहिल्यांदा लागले नाही, कारण मी मोठ्या अक्षराच्या जागी लहान टाकले होते. दुसऱ्यांदा लागले. घड्याळ आपोआप बरोबर झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

अजून एक गोष्ट मला आवडली. वाय-फायच्या चिपला आपले काम पाठ नसते. वीज गेली की ती सगळे विसरते. म्हणून दर वेळी सुरू होताना संगणक कार्डावरची एक फाईल तिला वाचून दाखवतो. तिला फर्मवेअर म्हणतात. ती फाईल कार्डावर नसली तर चिप धडधाकट असूनही वाय-फाय लागत नाही. आमच्या वर्गातही असा एक मुलगा आहे, त्याला रोज बाराचा पाढा पहिल्यापासून सांगावा लागतो. (नाव लिहीत नाही.)

ही चिप बघायची असेल तर बोर्डावर चकचकीत झाकण आहे त्याच्या खाली ती असते. जवळच कडेला एक छोटी त्रिकोणी जागा दिसते, तो अँटेना. तिथून लहरी येतात-जातात. आम्ही बोर्ड धूळ लागू नये म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवणार होतो, पण दादा नको म्हणाला. पत्रा लहरी अडवतो. म्हणून आता पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला आहे.

२०१६ सालच्या रास्पबेरी पाय थ्रीच्या आधी जे निघाले त्यांना आतून वाय-फाय नव्हतेच. बाहेरून यूएसबीची कांडी लावावी लागे. दादाकडे २०१६ चा आहे. त्याला ५ च्या लहरी दिसत नाहीत, फक्त २.४ च्या.

तापमानाचा तक्ता या भित्तिपत्रकाच्या शेजारी खिळ्याला अडकवला आहे. पालकांनी जरूर बघावा. त्यात मंगळवारच्या ओळीवर मी लाल पेन्सिलने फुली मारली आहे. तो दिवस ग्रामसभेत वाचायचा नाही असे गुरुजींनी सांगितले आहे.